जीव लावलेलं इंजिन

माझे भावोजी वजनमापं तपासणारे अधिकारी होते. दुकानातला तराजू केसभर हलका असला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांच्या गाडीचं तर विचारूच नका. दोन लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, चार सिलिंडर, एकशे चाळीस अश्वशक्ती. मी स्वतः मेकॅनिक, तरी जेवणाच्या टेबलावर हे आकडे तेच मला ऐकवायचे. दर दहा हजार किलोमीटरला तेल, सोबत फिल्टर, ठरल्या वेळी टायमिंग बेल्ट. गाडी थांबवली की मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवून बसायचे.

"टर्बो तापलेला असतो रे. धावत आलेल्या माणसाला कोणी लगेच झोपवतं का?"

ताई म्हणायची, "मला ताप आला होता, तेव्हा ह्यांना घरातला थर्मामीटर सापडला नव्हता."

गाडी तीन लाख दहा हजार किलोमीटरांवर गेली तेव्हा ते सर्व्हिसिंगला आले. मी खालचा बोल्ट सोडला आणि भांड्यात तेल पडायला लागलं. हात तसाच राहिला माझा. तेल मधासारखं होतं. पिवळं, नितळ.

डिझेल गाडीचं तेल दोन-चारशे किलोमीटरांत काळं पडतं. कोणाच्याही गाडीचं. त्यात बिघाड काही नसतो. इंजिनातली काजळी तेल पोटात घेतं, ते त्याचं कामच असतं.

"मधे कुठं तेल बदललंत का?"

"तुझ्याशिवाय कोणाला हात लावू देतो का मी?" ते म्हणाले आणि त्यांना खोकला आला. रुमाल तोंडाशी धरून बराच वेळ खोकले. गालफडं बसली होती. शर्ट खांद्यावरून लोंबत होता.

मला राहवेना. सिलिंडरांचा दाब मोजला. चारही सिलिंडरांत एकतीस बार, काटा तसूभर इकडेतिकडे नाही. कंपनीच्या पुस्तकात नव्या इंजिनाचा हाच आकडा होता. तीन लाख किलोमीटर पळून या इंजिनाचं काहीच झिजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई एकटीच गॅरेजमध्ये आली. पिशवीतून तिनं सात-आठ रुमाल काढून माझ्या बाकावर ठेवले. सगळ्यांवर काळे डाग.

"डॉक्टर विचारतात, किती वर्षं सिगरेट ओढताय. आयुष्यात एक ओढली नाही त्यांनी. छातीच्या फोटोत काही दिसत नाही. तूच सांग, हे काय आहे?"

मी डाग बोटांनी चोळला. बुळबुळीत लागला. वास घेतला. तो वास मी तीस वर्षं अंगावर घेऊन घरी जातोय. मला चुकायचा नाही.

"भावोजींना गाडी न्यायला पाठव," एवढंच म्हणालो.

ते आले. मी त्यांना स्टुलावर बसवलं, गाडीकडे पाठ करून, हातात चहा दिला. मग गाडीत बसून इंजिन चालू केलं आणि आरशातून त्यांच्याकडे पाहत राहिलो. ॲक्सिलरेटर हळूच दाबला. त्यांचे खांदे वर उचलले गेले. आणखी दाबला. मानेवरची शीर थडथड उडायला लागली, कपातला चहा हिंदकळून मांडीवर सांडला. त्यांना तो पोळलाही नसावा.

घाबरून मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. टर्बोची बारीक शीळ तेवढी उतरत गेली. ती पार विरेपर्यंत भावोजींच्या छातीची हालचाल नव्हती. मग त्यांनी मोठा श्वास घेतला आणि मागं न वळता म्हणाले, "मिनिटभर चालू ठेवायला काय झालं होतं?"

संध्याकाळी तिघं बसलो. इंजिनाची झीज तुमच्या अंगावर येतेय, असं मी भावोजींना सांगितलं. मला वाटलं होतं, ते हसतील, नाहीतर मला वेड्यात काढतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही.

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "वर्ष झालं. पण आवाज ऐकलास ना? अजून दोन लाख सहज जाईल."

"आणि तुम्ही कुठवर जाल?" ताई म्हणाली.

इंजिन फोडायची माझी छाती होईना. किल्ली फिरवल्यावर काय झालं ते मी पाहिलं होतं. विकायचं म्हटलं, तर ते कुठं, कोणाच्या हाती चालतंय हेही कळणार नाही. शेवटी ताईच म्हणाली, "जीव लावलाय ना ह्यांनी? मग तो काढून घ्यायचा. हळूहळू. ह्यांनी आता तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

तिनं गाडीच्या दोन्ही किल्ल्या आपल्याकडे घेतल्या आणि पन्नासाव्या वर्षी गाडी शिकली. थंड इंजिन चालू केलं की लगेच दामटायची, पोचली की तिथल्या तिथं बंद करायची. तेल नाही, फिल्टर नाही. भावोजी खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचे. पहिले दोन महिने फार वाईट गेले. अंगणातून आवाज आला की डोळे मिटून पुटपुटायचे, "गरम होऊ दे गं तिला, गरम होऊ दे." एकदा त्यांना मी गॅरेजमधून तेलाचा डबा उचलताना पकडलं. मोठा माणूस, लहान मुलासारखा रडला.

तिसऱ्या महिन्यात इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तेल तपकिरी झालं होतं. त्याच आठवड्यात रुमालावरचा डाग फिका पडला. मग एकेक होत गेलं. गाडी धूर ओकायला लागली आणि भावोजी जिना एका दमात चढले. टर्बो खरखरायला लागला आणि त्यांनी भाजी पुन्हा मागून घेतली.

दहाव्या महिन्यात, भर दुपारी, मी आणि ताई चढावर असताना खालून खणकन आवाज आला. गाडी जागच्या जागी अडकली. इंजिन जाम झालं होतं. ताईनं घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कोणी उचलेना.

एका टेम्पोनं आम्हाला घरी सोडलं. अर्धा तास आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

भावोजी जमिनीवर आडवे होते. ताईनं दारातूनच हाक मारली, ते हलले नाहीत. मी पुढं झालो, नाकाशी हात धरला आणि ते घोरले. गाढ झोपले होते. ताई हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

इंजिन मी उघडून पाहिलं नाही. माझ्यासमोर कापून वितळवायला लावलं.

आता ते बसनं फिरतात, तब्येत खणखणीत आहे. फक्त घरातल्या कुठल्याच वस्तूची डागडुजी करत नाहीत. परवा गेलो तर स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी कर्रकर्र वाजत होती. मी सवयीनं खिशातून तेलाची बुधली काढली. भावोजी उठून बाहेर निघून गेले.

"राहू दे," ताई म्हणाली. "वाजते तेच बरं आहे."