सहा हजारची रॅम

नेहाने आणलेल्या रॅमच्या खोक्यावर सहा हजारचा वेग लिहिलेला होता आणि कॉम्प्युटर दाखवत होता चार हजार आठशे. हे पहिल्यांदा पाहिलं आम्रपालीने, आणि मागचापुढचा विचार न करता बोलूनही तीच गेली, "नेहा, तुला फसवलंय गं कुणीतरी."

संत तुकाराम नगरातल्या त्या घरात आम्रपाली नणंद आणि नेहा भावजय. आम्रपालीने चाकणच्या एका कंपनीत बरीच वर्षं मोल्ड डिझाइन केले होते. गाड्यांच्या दिव्यांची कव्हरं, डॅशबोर्ड असल्या प्लास्टिकच्या वस्तू ज्यात ओततात, ते साचे. नोकरी सोडून तिने घरीच काम सुरू केलं, तेव्हा नेहा जोडीला आली. डिझाइन आम्रपालीचं; गिऱ्हाइकांशी बोलणं आणि खरेदी नेहाची. नवा कॉम्प्युटर आम्रपालीने स्वतः जोडला. रॅमच्या दोन पट्ट्या तेवढ्या नेहाने तळेगावहून आणल्या, कारण तिच्या मामेभावाचं, सिद्धेशचं, तिथे दुकान आहे.

त्या संध्याकाळी जेवताना गोष्ट निघाली. नेहाचा नवरा धम्मरत्न हसत म्हणाला, "घरचा माणूस म्हणून गेलीस, आणि घरच्यानेच टोपी घातली!"

सासूबाई, सोजरबाई, त्याला डोळ्यांनी दटावत होत्या, पण नेहा ताटावरून उठली होती. गॅलरीत जाऊन तिने सिद्धेशला फोन लावला. तिचा आवाज आत स्वच्छ ऐकू येत होता.

"विश्वासाने आले होते रे तुझ्याकडे. लोकांना गंडवतोस ते गंडव, बहिणीला तरी सोडायचंस!"

आत येऊन ती म्हणाली, "घेऊन ये, बदलून देतो, एवढंच बोलला आणि फोन ठेवला. खरा असता तर भांडला नसता का?"

आम्रपालीलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढण्याआधी तिने मिनलला फोन केला. मिनल तिची जुनी मैत्रीण, कंपनीत कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. खोटी रॅम ओळखायची कशी, एवढंच विचारायचं होतं.

"बायोसमध्ये प्रोफाइल चालू केलंस का?" मिनलने विचारलं.

"कसलं प्रोफाइल?"

मिनल हसली. "अगं, वेगवान रॅम पहिल्यांदा बेताच्या वेगानेच चालते. खोक्यावरचा वेग हवा असेल, तर मशीन सुरू होताना सेटिंगमध्ये जाऊन आपण तो चालू करायचा. आणि हो, चालू केल्यावर पहिल्यांदा पडदा बराच वेळ काळा राहतो. मशीन रॅमला तपासून घेत असतं. घाबरून बटण दाबू नकोस."

फोन ठेवला तेव्हा आम्रपालीचे कान गरम झाले होते. मशीन तिने जोडलं होतं. पाहायला हवं होतं तिनेच. आता गुपचूप सेटिंग बदलावं आणि 'झालं बाई ठीक' म्हणून मोकळं व्हावं, असं क्षणभर मनात येऊन गेलं. मग काल ताटावरून उठलेली नेहा डोळ्यांपुढे आली, आणि तिने हाक मारली.

"नेहा, जरा ये. चूक माझी आहे."

नेहाने सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही. नुसती खुर्चीत बसली. "मी त्याला काय काय बोलले, ताई," ती हळूच म्हणाली. मग पदर खोचल्यासारखी ओढणी बांधून म्हणाली, "आधी चालू करून दाखवा. खरंच होतंय का ते बघू."

आम्रपालीने प्रोफाइल चालू केलं. मशीन सुरू झालं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं आणि सेटिंग जमत नसल्याचं सांगून मुकाट्याने चार हजार आठशेवर येऊन थांबलं.

"म्हणजे खोटीच आहे?" नेहाचा चेहरा उतरला.

"थांब. या वेळी मी घाई करणार नाही."

तिने मशीन बंद करून वायर काढली, झाकण उघडलं आणि आतला फोटो मिनलला पाठवला. लगेच उत्तर आलं. चार खाचांपैकी पहिल्या दोन खाचांत पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या होत्या. त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्या होत्या. म्हणजे हीही चूक तिचीच. तिने पट्ट्या काढल्या, नीट जागी बसवल्या, दोन्ही बाजूंनी 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबल्या आणि प्रोफाइल पुन्हा चालू केलं.

पडदा काळा झाला. पंखे फिरत होते, बाकी काही नाही. सोजरबाई डोकावून म्हणाल्या, "बंद पडलं का गं?"

"नाही आई, तपासणी चाललीय त्याची."

वेळ गेला. कुकरची शिट्टी झाली. खाली भाजीवाला ओरडत पुढे निघून गेला. आम्रपालीचा हात आपोआप बटणाकडे गेला, तसा नेहाने तो मनगटाशी धरला.

"मैत्रिणीने सांगितलंय ना, दाबायचं नाही म्हणून?"

दोघी तशाच बसून राहिल्या. मग पडदा उजळला. आम्रपालीने वेगाचा आकडा काढला. सहा हजार.

दुपारभर तिने रॅमची चाचणी लावली. एकही चूक निघाली नाही. मग दिव्याच्या कव्हरचं काम लावलं. वितळलेलं प्लास्टिक साच्यात कसं पसरेल, याचा तो हिशोब आधीपेक्षा जरा लवकर आटोपला. चमत्कार नव्हता, पण फरक होता.

"उद्या तळेगावला जाऊ," आम्रपाली म्हणाली. "मीही येते. ठिणगी मी टाकली."

सकाळी दोघी स्कूटरवरून गेल्या. सिद्धेश दुकानात एकटाच होता. त्यांना पाहून त्याने काउंटरखालून रॅमचं नवं खोकं काढून पुढे ठेवलं. "जय भीम. ही घ्या, बदलून."

"नको, तुझी रॅम चांगली आहे," आम्रपाली म्हणाली आणि तिने झालेलं सगळं सांगितलं, खाचांसकट.

"मला वाटलंच होतं," सिद्धेश म्हणाला.

"मग फोनवर बोलला का नाहीस?" नेहाने विचारलं.

"गंडवतोस म्हणालीस, ताई. त्यापुढे रॅमचं काय सांगणार होतो?"

"चुकले रे," नेहा म्हणाली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक की-बोर्ड मागायला आलं. सिद्धेशने त्याला शांतपणे तीन-चार दाखवले, एक बांधून दिला. दोघी कडेला उभ्या होत्या. ते गेल्यावर तो काउंटर पुसत, वर न बघता म्हणाला, "रविवारी पोरीचं नाव ठेवायचंय. त्यासाठीच तुला फोन करणार होतो त्या दिवशी, तेवढ्यात तुझाच आला."

"आत्या म्हणून मला बोलावणार होतास?"

"मला दुसरी बहीण आहे का?"

नेहा डोळे पुसत हसली. "नाव ठरवलंयस की मीच ठेवू?"

"तूच ठेव," तो म्हणाला, आणि दोघींसाठी चहा सांगायला बाहेर गेला.