पेलाभर पाणी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पाच लिटरचा. अंगावरचं शेंगदाण्यांचं चित्र कधीच उडालं. तेल संपल्यावर वाघोलीच्या बजरंगनानांनी माझं तोंड कथलाचा डाक लावून बंद करून घेतलं, बोटभर भोक ठेवलं, त्याला लाकडी बूच बसवलं, आणि मी पोहायला शिकवणारा मास्तर झालो. हसू नका! नानांच्या विहिरीत निम्मं गाव मला पाठीला बांधून शिकलंय.

नानांची एक युक्ती होती. पहिल्या दिवशी मी रिकामा. पोर बुडायची सोयच नाही. दुसऱ्या दिवशी नाना माझ्यात गुपचूप पेलाभर पाणी ओतायचे, तिसऱ्या दिवशी दोन पेले. मी रोज थोडा जड व्हायचो आणि पोराच्या हातापायांना रोज थोडं जास्त काम पडायचं. त्याला पत्ताही लागत नसे. वीसेक दिवसांत मी काठोकाठ भरलेला असायचो. मग नाना म्हणायचे, "सोड आता डबा. कालपास्नं तूच पोहतोयस!"

पुढे खराडीकडे कंप्युटरच्या कंपन्या येऊ लागल्या, त्यांच्या लोकांना घरं हवी झाली, आणि भावकीने रान विकून टाकलं. जूनमध्ये विहीर बुजणार होती. नानांना एकच घोर लागला. त्यांची एकुलती एक लेक चैताली, अकरा वर्षांची, तिला अजून पोहता येत नव्हतं.

"गावाला शिकवलं आन माझीच लेक कोरडी ऱ्हायली, तर काय उपयोग?" ते म्हणाले.

नाना घरीच मला भरून द्यायचे आणि आधी पाण्यात उतरायचे. काठावर लेकीच्या पाठीला दोर बांधायचं काम तिच्या आईचं, द्वारकाबाईंचं. युक्ती त्यांना ठाऊक होती, पण एकुलत्या लेकरापायी जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी बूच काढलं आणि मला काठावरच्या चिंचेच्या बुडाशी पालथा केला. एकदा नाही, रोज! अहो बाई, नका हो ओतू, असं मी मनात ओरडायचो. पण डब्याचं कोण ऐकतंय? चैताली मजेत तरंगायची, आणि खाली नाना हरखून जायचे.

एकविसाव्या दिवशी नाना पाण्यातून ओरडले, "आज डबा नगं! काल भरल्या डब्यानं पोहलीस की!"

द्वारकाबाई पांढऱ्याफटक पडल्या. "आवं, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या ना."

"परवा मशीन येतंय. मग कधी?"

तेवढ्यात चैतालीने उडी मारलीसुद्धा. ती वर आलीच नाही. नानांनी बुडी मारली, केसांना धरून तिला ओढून काढलं. पोटातलं पाणी पडल्यावर ती रडत विचारत होती, "नाना, मला येत हुतं ना?"

उत्तर द्वारकाबाईंच्या ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

दोन दिवसांनी विहीर बुजली. मी खुंटीला लागलो आणि धूळ खात पडलो. पण माझं सोडा. नानांनी त्यानंतर कुणालाच काही शिकवलं नाही. चैताली कॉलेजात गेली, स्कूटी शिकवा म्हणाली, तर म्हणाले, "दुसऱ्याकडनं शिक. म्या घाई केली आन तुला बुडवत हुतो. माझ्या हाताला यश न्हाई." चैतालीला मोठ्या कंपनीत नोकरी लागली. आजही सोसायटीतल्या पोहण्याच्या तलावाकडे ती पाठ करून बसते.

सोळा वर्षं अशी गेली. नाना दम्याने अंथरुणाला खिळले. एक दिवस भंगारवाला आला म्हणून द्वारकाबाईंनी मला खाली काढलं, आणि त्यांना हुंदका आवरेना. मला तसंच छातीशी धरून त्या नानांच्या उशाशी बसल्या.

"आवं, डबा रिकामा असायचा. मी रोज पाणी वतून द्यायची."

नानांनी हात लांबवून माझं बूच चाचपलं. मग म्हणाले, "म्हंजे... माझं चुकलं नव्हतं?"

द्वारकाबाईंनी तोंडात पदर कोंबला.

मित्रांनो, माया जरूर करा, पण शिकणाऱ्याच्या वाट्याचं पेलाभर पाणी ओतून देऊ नका. आणि भीतीपोटी ओतलंच, तर त्याच दिवशी कबूल करा. नाना त्या कबुलीनंतर अकरा दिवसच जगले. चैतालीचा हात धरून ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पोरी, तुला आलं असतं गं."