सांगलीपुढचं शून्य

रविवारी दुपारी उंब्रजच्या घरी जेवता जेवता विश्वजीतनं मोबाईल माझ्या ताटाशेजारी सरकवला. पुण्याची नोकरी सोडून सांगलीची धरायची का, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. सांगलीला पगार अठरा हजारांनी कमी, म्हणून त्यानं दोन्हीकडचा महिन्याचा खर्च शेजारी शेजारी मांडला होता.

"बघ आई, सांगली निम्म्यातच बसतंय."

माझा चष्मा सापडेना. सुनेनं, प्रियदर्शनीनं वाचून दाखवलं. घरभाडं पुण्याला बावीस हजार, सांगलीला नऊ. पीठ, शेंगदाणे, गूळ पुण्याला साडेचार हजार, सांगलीला शून्य. पाळणाघर पुण्याला नऊ हजार, सांगलीला शून्य.

"सांगलीत फुकट वाटत्यात व्हय रं?"

तो हसला. "अगं, ते घरचं. पुण्याला तुझा डबा आणायला स्वारगेटला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, म्हणून हल्ली बरंचसं विकतच आणतो. उंब्रजहून सांगलीला एसटीत दिलास की दोन तासांत घरात. आणि शिवांजलीला सांभाळायला तू येशील की."

म्हणजे त्या शून्यात मी होते. जोंधळा पाखडणारी, गिरणीत नेणारी, स्टँडवर कंडक्टरला "आवं, तेवढा डबा ठेवा की" म्हणणारी. चूक माझीच. अकरा वर्षं डबे पाठवले, एकावरही किंमत लिहिली नाही.

आता न सांगून भागणार नव्हतं. या शून्यांच्या भरवशावर पोरगं नोकरी सोडायला निघालं होतं.

"विश्वा, पाडव्याला रान मी शेजारच्या तात्याबाला खंडानं कसायला दिलं. आता घरचा जोंधळा न्हाई. गुडघे ऐकत न्हाईत आता. पोरीमागं पळणं पण व्हायचं न्हाई."

त्याचा घास हातातच राहिला. "मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर खुरपायला आला असतास?"

प्रियदर्शनी ताटात बघून हसली. मग तिनंच मोबाईल घेतला आणि शून्यांच्या जागी आकडे भरले. पगाराची तूट वजा जाता सांगलीत महिन्याला पुण्यापेक्षा दीडच हजार जास्त उरत होते.

"दीड हजारासाठी कशाला बिऱ्हाड हलवायचं," विश्वजीत म्हणाला. "पुणंच बरं."

मी मान हलवली. सांगली जवळ होती, पोरं दर रविवारी घरी आली असती. ते कुठल्या रकान्यात लिहायचं, मला काय ठाऊक.

निघताना मी पिठाचा डबा गाडीत ठेवला.

"आई, आता कशाला उचललास?"

"शेवटचा हाय," मी म्हणाले. "पुरवून खावा."