सोळा तासांचा दिवस

संगणकीय मेंदूविज्ञानाकडे तुम्ही का वळलात, असा प्रश्न होता आणि उत्तराला पाचशे शब्दांची जागा होती. मयूरीचं खरं उत्तर एका शब्दाचं होतं : कोंबडी. बंगळुरूच्या संस्थेला ते चालेल का, कोण जाणे. अर्जाची मुदत आज संध्याकाळी आठपर्यंत.

नवापूरबाहेरच्या त्यांच्या शेडात अंड्यांवरच्या तीन हजार कोंबड्या होत्या. अशा कोंबडीला सोळा तासांचा दिवस लागतो. देव तेवढा देत नाही, म्हणून मयूरी द्यायची. पहाटे चारला दिवे लावायचे, उजाडलं की मालवायचे. तिन्हीसांजेला पुन्हा लावायचे, आठला मालवायचे. ती सातवीत असताना टायमर बिघडला, दिवस लहान झाला, कोंबड्यांनी पिसं गाळली आणि महिनाभर अंड्यांचा संप केला. तेव्हापासून तिचे वडील भटूआप्पा यांचा यंत्रांवरचा विश्वास उडाला, तो थेट मयूरीवर येऊन बसला. पार एमएस्सी होईपर्यंत ती एकही रात्र बाहेर राहिली नव्हती.

त्या संपात एक आंधळी कोंबडीही सामील होती. तिला दिवा दिसत नव्हता, तरी दिवस लहान झाल्याचं कळलं होतं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, ‘हार्मोन.’ पुढे मयूरीने वाचलं की पाखरांच्या कवटीतून उजेड आत मेंदूपर्यंत झिरपतो आणि तिथल्या पेशी दिवसाची लांबी मोजतात. कशा मोजतात, ते गणित तिला मांडायचं होतं. तिने तेच लिहिलं आणि घरी अहिराणीत वाचून दाखवलं.

भटूआप्पांनी मन लावून ऐकलं.

“दखं? आंधयी कोंबडीले बी समजस. टायमरले काय समजस?”

“आते चांगला टायमर येतस,” आई रंजनाबाई म्हणाली. “एक आनी टाका. पोरले जाऊ द्या.”

“आनू ना. मी कोठे नही म्हनी ऱ्हायनू? एक वरीस मयूरी दखी, बरोबर चालस का नही. मंग जाय.”

“आप्पा, कोर्स ऑगस्टमा सुरू व्हस.”

“मंग पुढला ऑगस्टले जाय. ऑगस्ट दर सालले येस.”

“आनि टायमर बिघडना ते?”

“मंग तू शेच.”

म्हणजे टायमर आला तरी मयूरी होतीच. अर्जात शेवटचा रकाना होता : कधीपासून रुजू होऊ शकाल? यादीत एकच ऑगस्ट होता, यंदाचा. मयूरीने तो निवडला आणि अर्ज पाठवून दिला. घरात कुणाला सांगितलं नाही. आठला सहा मिनिटं होती.

ती शेडात गेली, आठ वाजता दिवे मालवले. तीन हजार कोंबड्या एकदम गप्प झाल्या. सवयीने तिने मोबाइलवर चारचा गजर लावला. खरं तर त्याची गरज नव्हती. गेली कित्येक वर्षं ती चारच्या आधीच जागी व्हायची, डोळे मिटलेले असतानाच.