गोलातली शेवटची जागा

दुपारच्या भोंग्याला अजून अवकाश होता. रफूखात्यात खिडकीखालच्या लांब टेबलावर ताई करड्या लोकरीचं ठाण पसरून बसली होती. मागावर धागा तुटला की कापडात चीर राहते. ती चीर बोटांनी चाचपून शोधायची आणि सुईनं अशी बुजवायची की विणणाऱ्यालाही पत्ता लागू नये, हे ताईचं काम. सव्वीस वर्षांत डोळे अधू झाले होते, बोटं मात्र शाबूत होती.

सेक्रेटरी आला तो कागदाची गुंडाळी काखेत मारूनच. गिरणीतल्या पक्षशाखेचा हा सेक्रेटरी. जुनी माणसं त्याला अजून चष्मिस म्हणायची, अर्थात तो जवळपास नसताना.

"ताई, तब्येत काय म्हणते?"

"तब्येतीचं राहू दे. काय आणलंयस ते काढ."

त्यानं कागद ठाणावर पसरला. मधोमध चार ओळींचा ठराव. त्याभोवती ताटली पालथी घालून आखलेलं वर्तुळ, आणि वर्तुळाला चिकटून चहूबाजूंनी बाहेर पसरलेल्या सह्या. ठरावात म्हटलं होतं की विणाईखात्यातला हा मागवाला कामगारवर्गाचा शत्रू आहे, आमचं त्याच्याशी कसलंही नातं नाही, त्याला कठोरात कठोर शिक्षा द्यावी. हा मागवाला म्हणजे ताईचा सख्खा थोरला भाऊ. अख्खी गिरणी ज्याला दादा म्हणत होती, तो.

त्रेसष्ट जागा पेन्सिलीनं आखलेल्या होत्या. एकसष्ट भरल्या होत्या.

"एक जागा माझी. दुसरी कुणाची?"

"ते मी बघतो," चष्मिस म्हणाला.

ही गोल सहीची पद्धत दादानंच काढलेली. मालकाच्या काळात अर्ज केला की ज्याची सही सगळ्यात वर, तो दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर. दादानं घरून ताटली आणली, पालथी घातली आणि म्हणाला, आता शोध म्हणावं पहिला कोण ते. मालक तीन दिवस तो कागद फिरवून फिरवून बघत बसला. दादाचा दुसरा नियम याहून कडक होता. सभेत हवं तेवढं भांडा, एकमेकांची आई-बहीण काढा, पण एकदा बहुमतानं ठरलं की विरोधात बोलणाऱ्यानंही सही करायची. एक जागा रिकामी राहिली तरी मालकाला फट सापडते. त्यामुळे अपुरा गोल फाटकाबाहेर जायचा नाही. एका संपाला दादाचाच विरोध होता. दोन तास घसा फोडून बोलला, हरला, आणि सगळ्यात आधी त्यानंच सही ठोकली.

अशा गोलांमधूनच संघटना उभी राहिली, संघटनेतून पक्ष आला, पक्षाबरोबर पुस्तकं आली. माणूस माणसाला कसा पिळतो ते त्या पुस्तकांत आकड्यांसकट लिहिलं होतं. मग एके दिवशी धुराड्यावर लाल झेंडा चढला, मालक गाडीवानाचा कोट घालून मागच्या दारानं पसार झाला, आणि कम्युनिस्टांचं राज्य आलं. कामगारांचं राज्य! ताई त्या दिवशी रस्त्यात बसून रडली होती, आनंदानं. ते रडणं खोटं नव्हतं, आणि ते आठवून कुणी तिला हसू नये.

त्याला अकरा वर्षं झाली. पिळवणूक ओळखायला ज्यांनी शिकवलं त्यांनीच ती पुन्हा चालू केली आणि तिला योजना म्हणू लागले. महिन्यापूर्वी भरसभेत दादा उठला. "मालकाच्या वेळी मी दोन माग सांभाळत होतो, आता माझ्याच राज्यात चार सांभाळतो. मग मला एवढंच सांगा, मी मालक झालो की बैल?" सभा खो खो हसली. दादाला ते हसू भोवलं. चौथ्या दिवशी पोलिसांनी त्याला मागावरून उचललं.

"चष्मिस," ताईनं त्याला तोंडावर हाक मारली, "संपात दीड महिना आमच्या माळ्यावर लपला होतास. दादाच्या ताटातलं गिळलंस."

"म्हणूनच स्वतः आलोय. दुसरा कुणी एवढं ऐकून घेतलं नसतं."

"लिहिला कुणी हा ठराव?"

"सगळ्यांनी."

"सगळे म्हणजे कोण? एक नाव सांग."

"गोल आहे, ताई. त्याला सुरुवात नसते."

हेच उत्तर पूर्वी मालकाला दिलं तेव्हा ताई पोट धरून हसली होती. आता तिनं कागद त्याच्याकडे ढकलला आणि सुई उचलली. एक जागा रिकामी ठेवली की कागद पुढे सरकणार नाही. अपुरा गोल जात नाही. भावासाठी एवढं तरी आपल्या हातात आहे, असं तिला वाटलं.

दुपारी रंगखात्याच्या भिंतीशी नवरा डबा उघडून बसला होता. कोपरापर्यंत निळा.

"तू केलीस?" तिनं विचारलं.

"केली. पोरीची नर्सिंगची शेवटची परीक्षा आहे. तिला बसू देणार नाहीत."

"तो तुझा मेहुणा आहे."

"मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण सही कर." त्यानं डब्याचं झाकण लावलं. जेवला नाहीच.

तीन दिवस ताईनं सही केली नाही. टेबलाशी शेजारी बसणारीनं स्टूल दोन हात सरकवलं. बारीक कामाची ठाणं दुसरीकडे जाऊ लागली, ताईपुढे पोत्यांचं जाडंभरडं कापड येऊ लागलं. एक जुनी मैत्रीण जिन्यात गाठून म्हणाली, "अगं, तुझ्या एकटीमुळे सगळी गिरणी टांगणीला लागलीय. आम्हाला काय हौस आहे?" आणि खरंच तिला हौस नव्हती. एकसष्ट जणांत एकालाही हौस नव्हती, तरी एकसष्ट सह्या झाल्या होत्या.

चौथ्या दिवशी चष्मिस पुन्हा आला. त्यानं कागद उलगडला.

एकच जागा रिकामी होती. तिच्या जागेच्या अगदी शेजारी दादाची सही होती.

ताईनं त्या सहीवर बोट फिरवलं. "मारलंत त्याला?"

"मी तिथे नव्हतो."

"त्यानं केली कशी?"

"कागद पुढे ठेवला. त्यानं विचारलं, बहुमतानं झालंय का? हो म्हटल्यावर पेन मागितलं, असं मला सांगितलं." चष्मिसनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तो अजून या गिरणीचा कामगार आहे, ताई. त्याची जागा गोलात होतीच."

ताई बघत राहिली. ठसठशीत, डावीकडे झुकलेली, खालची रेघ एका दमात ओढलेली. संपाच्या कागदांवर असायची तशीच. हात थरथरलेला दिसला असता तर तिला बरं वाटलं असतं. मारून घेतलेल्या सहीवर थुंकता येतं. या सहीचं काय करायचं? वेडा माणूस, स्वतःच्या नियमाला जागला होता. आणि त्या नियमाप्रमाणे आता फट एकटी ताई होती.

"सही झाली की भेट मिळेल," चष्मिस हळूच म्हणाला. "मी बोललोय. घरचं माणूस नीट वागलं की देतात."

तिनं पेन घेतलं. त्रेसष्टावी जागा भरली. चष्मिसनं शाईवर फुंकर घातली आणि गुंडाळी काखेत मारून चालता झाला. टेबलाशी बसलेल्या बायकांनी एकदम श्वास सोडला. शेजारणीनं स्टूल पुन्हा जवळ ओढलं.

बुधवारी रजा टाकून ताई तुरुंगाच्या खिडकीशी गेली. हातात लोकरीचे मोजे आणि बंडी. रांग लांब होती, सगळ्या बायकाच. तिचा नंबर आला तेव्हा सकाळ संपत आली होती.

"नातं?" आतल्या माणसानं विचारलं.

"सख्खी बहीण."

त्यानं फाइल काढली, त्यातला मोठा कागद उलगडला, आणि तोंड वाकडं करून तो गरागरा फिरवत तिचं नाव शोधलं.

"ही सही तुमचीच ना?"

"हो. तुमच्याच लोकांनी सांगितलं, सही केली की भेट मिळेल."

"मजकूर वाचला होतात? याच्याशी आमचं कसलंही नातं नाही. तुम्हीच लिहून दिलंय. नातं नाही तर भेट कसली?"

"अहो, शेजारी त्याचीपण सही आहे!"

माणसानं पाहिलं. कपाळाला आठी घालून पुन्हा पाहिलं. मग त्याला हसू फुटलं, सकाळपासून कंटाळलेल्या माणसाला फुटतं तसं. "म्हणजे त्याचंसुद्धा त्याच्याशी नातं नाही. बघा, मी काय करू?"

"निदान मोजे तरी घ्या. त्याचे पाय गार पडतात."

"बाहेरच्यांचं सामान घेत नाही आम्ही."

"आहे ना तो? एवढं तरी सांगा."

"नातेवाइकांनाच सांगतो."

मागच्या बाईनं ताईच्या पाठीला हळूच कोपर लावलं. दुष्टपणानं नव्हे, तिचाही कुणीतरी आत होता. ताई बाजूला झाली. मोजे आणि बंडी छातीशी धरून काही वेळ भिंतीला टेकून राहिली. रांगेत कुणीतरी म्हणत होतं की दोन वाजता खिडकीवरचा माणूस बदलतो, दुसरा जरा बरा आहे. मग ती रांगेच्या शेवटाकडे निघाली. शेवट कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेला होता. तिथे जाऊन ती उभी राहिली.