शहाणा की शहाणी?

मित्रांनो, मी एक जुना, खिशात मावणारा शब्दकोश आहे. इंग्रजी शब्द विचारा, स्पॅनिशमध्ये त्याला काय म्हणतात ते मी सांगतो. लढाईत, इटलीतल्या इस्पितळात, एका स्पॅनिश डॉक्टरीणबाईने मला कुंडलच्या हवालदार जोतीरामच्या हाती ठेवले. सगळे त्याचा पाय कापा म्हणत होते. तिने तो वाचवला. तिच्याशी बोलता यावे म्हणून मी सदा त्याच्या उशाशी असे. काय मान होता माझा!

लढाई सरली, कुंडलला आलो आणि कोनाड्यात पडलो. जोतीरामने माझी पहिली पाने फाडून तंबाखूच्या पुड्या बांधल्या. "नुसतं व्याकरण हाय, शब्द कुटं हायेत त्यात?" म्हणे. मी जळफळलो. पुस्तकाला विचारतो कोण?

१९४७ साली पलटणीचे मेजरसाहेब विलायतेला निघाले. बाईचा तिकडचा पत्ता त्यांना ठाऊक होता. त्यांच्याबरोबर तिला पितळी तांब्या पाठवायचे जोतीरामने ठरवले. भांड्यावर नाव घालतातच. त्याला तिच्या नावाखाली 'शहाणी' हा शब्द हवा होता, तोही तिच्या भाषेत. सांगलीत कासाराच्या दुकानात त्याने मला उघडले. 'शहाणी' म्हणजे इंग्रजीत 'वाइज', एवढे त्याला येत होते. 'वाइज'पुढे माझ्यात छापले होते 'साबिओ'. चिंतामण कासाराने छिन्नी धरली आणि ठोकून मोकळा झाला.

जोतीरामची बायको चंद्राबाई शेजारीच होती. "आवं, ह्ये शहाणा का शहाणी?"

"इंग्रजीत दोनी एकच असतंय."

"बाई इंग्रज हाय व्हय?"

जोतीराम गारठला. मला उलटापालटा करू लागला. मी आतून तडफडत होतो. अरे, बाप्याला 'साबिओ', बाईला 'साबिआ'! कोशात बाप्याचेच रूप देतात. बाईचे कसे करायचे ते पहिल्या पानांत होते. ती पाने तंबाखूबरोबर गावभर गेली होती.

"शेवटचं अक्षर खोडता येतंय का?"

"पितळ हाय गड्या, पाटी न्हवं," चिंतामण म्हणाला. "आन् खोडून लिवू काय?"

मेजरसाहेबांच्या गाडीची वेळ झाली. तांब्या तसाच गेला. स्टेशनावरून परतल्यावर तो माझ्या फाटक्या कडांवर बोट फिरवत बसला. "लय शहाणा मी," एवढेच बोलला.

बाई हसली की तिने कपाळाला हात लावला? मला आजही चैन नाही. मित्रांनो, दसऱ्याला आम्हाला हळदकुंकू वाहू नका. पान फाडण्याआधी ते वाचा. मग खुशाल फाडा, हात धजला तर!