भिंतीपलीकडच्या गोचिडी

थोरलीच्या दिवसाची सुरुवात गोचिडी काढण्यानं होई. गाईच्या कानामागून, कासेजवळून, शेपटीच्या बुडातून एकेक टम्म फुगलेली गोचीड चिमटीत धरायची, ओढायची आणि दगडी भिंतीवरून पलीकडे भिरकावून द्यायची. पलीकडे धाकट्या जावेचं अंगण. "जा, आपल्या घरी जा," असं वर म्हणायची. तेवढ्यानं तिला दिवसभर हलकं वाटे.

सात महिने दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. धाकटीनं बाजारातून गाय आणली आणि पंधरा दिवसांत थोरलीच्या गोठ्यात गोचिडी दिसल्या. थोरली म्हणाली, तुझ्याच गाईनं आणल्या. धाकटी म्हणाली, माझी गाय यायच्या आधी तुमच्या गोठ्यात काय फुलं फुलली होती? तिथं जे बोलणं तुटलं ते तुटलंच. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते बाहेर रस्त्यावर भेटत, तंबाखू देत-घेत, आणि घरात शिरताना एकमेकांना ओळखत नसल्यासारखा चेहरा करत. पुरुषांना एवढी अक्कल असते, फक्त ती दिसू देत नाहीत.

थोरलीच्या कामात खोट काढायची सोय नव्हती. अंगण दोनदा झाडायची, गोठा रोज धुवायची. तरी गोचिडी हटेनात. आणि मग तीन महिन्यांचं वासरू आजारी पडलं. अंग तापलं, दूध सोडलं, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. जन्मलं तेव्हा पायावर उभंही राहत नव्हतं, थोरलीनं ते बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आता ते मान टाकून पडलेलं बघितलं आणि ती गोठ्यातून हलेना.

गुरांचा डॉक्टर आला. तरुण पोरगा, पण हात धीराचा. त्यानं सुई टोचली, पापणी उलटून पाहिली.

"गोचीडताप आहे, मावशी. तीन-चार दिवस बघावं लागेल. पण अंगण असंच राहिलं तर यातून उठलं तरी पुन्हा धरेल."

"अंगण?" थोरलीला झोंबलंच. "माझ्या अंगणात ताट न घेता जेवायला बसा, डॉक्टर!"

डॉक्टरनं एक काडी घेतली आणि भिंतीच्या फटीत खुपसून फिरवली. तपकिरी अंड्यांचा पुंजका बाहेर आला, मागोमाग राईएवढी पिल्लं वळवळत निघाली. थोरलीनं तोंडाला पदर लावला.

"एक मादी हजारांनी अंडी घालते. गाईच्या अंगावर नाही, अशा फटीत. तुम्ही काढलेल्या गोचिडी टाकता कुठे?"

थोरलीला अचानक गाईचं दावं नीट करायचं आठवलं.

"भिंतीपलीकडे टाकते," नवरा म्हणाला. एरवी आठवड्यातून चार वाक्यं बोलणारा माणूस, त्यातलं एक त्यानं इथं खर्च केलं.

थोरली त्याच्याकडे बघते आहे तोवर भिंतीवरून एक टम्म गोचीड आली आणि डॉक्टरच्या पिशवीवर टपकन पडली. पलीकडून आवाज आला, "जा, आपल्या घरी जा!"

डॉक्टर आधी गोचिडीकडे बघत राहिला, मग खो खो हसत सुटला.

"म्हणजे दोघी मिळून या भिंतीत पेरणी करताय! आता ऐका. काढलेली गोचीड रॉकेलच्या डब्यात टाकायची. कडेचं गवत, जुनी लाकडं हलवायची. भिंतीच्या फटी दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी या बाटलीतल्या औषधानं फवारायच्या आणि बुजवायच्या, पंधरा दिवसांनी पुन्हा फवारा. एकाच बाजूनं केलंत तर सगळी मेहनत पाण्यात."

डॉक्टर गेला. थोरली बराच वेळ वासराजवळ बसली. त्याचा श्वास ऐकून तिचं सगळं मानपान गळून पडलं. ती भिंतीशी गेली.

"अगं ए!"

पलीकडे झाडू थांबला.

"मी टाकत होते गं. सात महिने, रोज."

"मला काय माहीत नव्हतं? एकदा माझ्या आमटीत पडली," धाकटी म्हणाली. मग हळूच, "मग मीही टाकायला लागले, जाऊबाई. वासरू कसं आहे?"

थोरलीला हुंदका फुटला. तो ऐकून धाकटी वळसा घालून धावत आली, आणि येताना फवारणीचा पंप घेऊन आली.

त्याच दिवशी दोघींनी भिंत हाती घेतली. तोंडाला फडकं, हातात मोजे. फवारा वाळल्यावर एक इकडून माती-चुना लिंपत होती, एक तिकडून, आणि मधून भांडणही चालू होतं: तुमचा थर पातळ, तुझा हात जड. भावांना गवत उपटायला लावलं. दोघांनी निमूट उपटलं.

चौथ्या दिवशी सकाळी वासरानं हिरव्या काडीला तोंड लावलं. थोरली चप्पल न घालता धाकटीच्या दारात.

"खाल्लं गं!"

धाकटी हातातलं टाकून धावली. दोघी गोठ्यात जमिनीवरच बसल्या आणि त्याचं तोंड हलताना बघत राहिल्या.

"हे दगावलं असतं तर मी तोंड कुठं लपवलं असतं, जाऊबाई?"

"माझ्या शेजारी," थोरली डोळे पुसत म्हणाली. "मी तिथंच लपले असते."

वासरानं दोघींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते खात राहिलं.